ऑपरेटर माल चाखत नाही

आमच्या शेजारच्या पाष्ट्यांना लग्नाची पत्रिका दिली, तर ते तारीख बघत नाहीत, मुहूर्त बघत नाहीत, नवरा-नवरीची नावंही बघत नाहीत. पत्रिका उलटीसुलटी करतात आणि विचारतात, "गोड काय ठेवलंय?" अजून ठरायचंय, असं तुम्ही म्हणालात की संपलं. तिथून पुढे तुमच्या कार्याचं गोड पाष्ट्यांच्या ताब्यात जातं.

दत्ताराम पाष्टे लोट्याच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत बत्तीस वर्षं ऑपरेटर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी रत्नागिरीत आमच्या शेजारचं बैठं घर घेतलं, त्याला आता चार वर्षं होतील. एकटेच असतात. मूलबाळ नाही, बायको इथे येण्याआधीच वारली. नळाला पाणी किती वाजता येतं हे विचारता विचारता त्यांनी पहिल्याच दिवशी एवढं सांगून टाकलं. नंतर ते त्यावर बोलले नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही.

कंपनी सुटली तरी पाष्ट्यांच्या तोंडातून ती गेलेली नाही. कढई म्हणजे रिॲक्टर. गूळ घालायचा नसतो, चार्ज करायचा असतो. गॅस बंद केला की शटडाउन. तांदळाच्या रव्याची गुळातली खांडवी, सांदणं, शिरवाळे, काकडीचं धोंडस, असे आपल्या कोकणातले गोड पदार्थच ते करतात, आणि तेही नेहमी दुसऱ्याच्या घरी जाऊन. स्वतःच्या घरात त्यांनी कधी काही गोड केल्याचं मला आठवत नाही. काम साइटवर झालं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

माझ्या स्वयंपाकघरात ते प्रथम आले तेव्हा पायात कंपनीचे सेफ्टी शूज होते. मी म्हटलं, भाऊजी, इथे पायताण चालत नाही. ते म्हणाले, उकळता गूळ पायावर पडला तर जबाबदार कोण? बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी त्यांनी ते बूट साबणाने घासून माझ्याच फडताळात कायमचे ठेवले. गेली तीन वर्षं लोणच्याच्या बरणीखालच्या कप्प्यात एका परपुरुषाचे बूट आहेत आणि आमच्या ह्यांना त्याचं काही वाटत नाही.

काम चालू असताना प्लँटमध्ये गर्दी चालत नाही. पलीकडच्या गल्लीत एका बारशाला बाळाच्या मावशीने धोंडसाच्या पातेल्यावरचं निखाऱ्यांचं झाकण मध्येच उचलून बघितलं. पाष्ट्यांनी बॅच रिजेक्ट केली. दुसरं धोंडस शिजेपर्यंत पाळणा हलू दिला नाही. बाळ झोपलं, उठलं, दूध पिऊन पुन्हा झोपलं, आणि मग त्याला नाव मिळालं.

एवढं सगळं करून पाष्टे स्वतः एक कणही तोंडात टाकत नाहीत. गूळ पुरेसा आहे का हे वासावरून, रवा शिजला का हे आवाजावरून. कढईवर कान लावून उभे असलेले पाष्टे मी पुष्कळदा पाहिलेत. एकदा मी सहज म्हटलं, चाखून का बघत नाही? तर शांतपणे म्हणाले, "वैनी, ऑपरेटर माल चाखत नाय. चाखणारा ऑपरेटर पेन्शन घ्यायला उरत नाय."

हा विनोद आम्ही साऱ्या आळीत वाटला. घरी न्यायला डबा भरून दिला तर तो ते रस्त्यात रिक्षावाल्याला देऊन टाकतात, हेही कळलं होतं. तऱ्हेवाईक माणूस, असं म्हणून आम्ही सोडून दिलं.

गेल्या मार्गशीर्षात आमच्या अश्विनीचा साखरपुडा झाला. मुलाकडची मंडळी चिपळूणची, पंधरा-वीस जण. साखरपुडा घरातच, त्यामुळे गोड कोणाचं हा प्रश्नच नव्हता. पाष्टे सकाळी साडेसहाला येऊन बूट घालून उभे राहिले. खांडवी सुरेख जमली, वड्या अशा सरळ कापल्या होत्या की पट्टी लावून बघावं. पाहुणे आले, चहा झाला, ताटल्या फिरल्या.

मुलाची मोठी आत्या ऐंशीच्या घरातली. त्यांच्याकडे तिच्या होकाराशिवाय पान हलत नाही, हे आम्हाला आधीच सांगून ठेवलेलं. तिने वडी हातात घेतली आणि विचारलं, कोणी केली? आमच्या ह्यांनी मोठ्या कौतुकाने पाष्ट्यांना पुढे केलं आणि वर तो केमिकलचा विनोदही ऐकवला. सगळे हसले. आत्या हसली नाही.

"केमिकलवाला करतो नि स्वतः खात नाय," ती म्हणाली. "मग आम्ही कशाला खावी? तू आधी खा बाबा."

पाष्ट्यांनी हात जोडून, मी गोड खात नाय, असं सांगितलं. डायबेटिस आहे का, तिने विचारलं. त्यांना खोटं बोलता आलं नाही, नाही म्हणाले. आत्याने ताटली खाली ठेवली. तिची ठेवलेली पाहून शेजारी बसलेल्या बाईने ठेवली, मग मुलाच्या आईने. अश्विनीने माझ्याकडे पाहिलं. ह्यांनी पंख्याकडे पाहिलं. मला पाष्ट्यांचा असा राग आला की विचारू नका. एक वडी खाल्ली तर काय जाणार होतं? माझ्या मुलीचं ठरलेलं लग्न या माणसाच्या तऱ्हेपायी अडणार, असं वाटलं.

तेव्हा पाष्टे आत्याजवळ जाऊन खाली वाकले. मी ट्रे घेऊन तिथेच होते म्हणून ऐकू आलं.

"आत्या, माझं तोंड गोड झालेलं नाय. सुनंदा गेली तेव्हा लॉकडाउन. मेव्हणा मुंबईसून यायचा होता, त्याला पास मिळाला नाय. मग ते राहिलंच. आता आपण होऊन कोणाला सांगायचं काय, या नि माझं तोंड गोड करा?"

आमच्याकडे रीत आहे. माणूस गेलं की दिवसकार्यानंतर बाहेरच्या कोणीतरी आपल्या घरचं गोड आणायचं आणि मागे राहिलेल्यांना भरवायचं. तोपर्यंत त्या घरात गोड शिजत नाही, त्या माणसाने ते खायचं नाही. ते स्वतःहून मागायचं नसतं. कोणीतरी यावं लागतं. पाष्ट्यांकडे पाच वर्षांत कोणी आलं नव्हतं. मी भिंतीला भिंत लावून राहत होते आणि विनोद वाटत होते. मला इतकी लाज वाटली की ट्रे टेबलावर ठेवावा लागला.

आत्या काठी टेकत उठली. साखरपुडा थांबेल थोडा, म्हणाली, आणि पाष्ट्यांचं घर कुठचं ते मला विचारलं. मी खांडवीचं ताट उचलायला गेले तर तिने अडवलं. हे त्याच्याच हातचं, हे चालायचं नाही, तुझ्या हातचं हवं. माझ्या घरात तर त्या दिवशी माझ्या हातचं गोड काहीच नव्हतं. पातळ पोहे भिजवले, गूळ किसला, खोबरं घातलं. भरजरी शालू नेसून मी आयुष्यात प्रथमच गूळपोहे कालवले.

पाष्ट्यांच्या घरात मी पहिल्यांदाच आत गेले. खाट, खुर्ची, भिंतीवर सुनंदावहिनींचा फोटो. आत्याने त्यांना फोटोकडे तोंड करून बसवलं आणि मला म्हणाली, "शेजारीण ना तू? भरव."

मी घास भरवला. ते कितीतरी वेळ चावत होते. मग त्यांनी माझ्या हातातली ताटली घेतली आणि सगळे गूळपोहे संपवले, शेवटचा पोहा बोटाने पुसून.

परत आल्यावर साखरपुडा सुरळीत पार पडला. आत्याने दोन वड्या खाल्ल्या. पाष्ट्यांनीही ताटातली एक उचलली, तोंडात टाकली आणि कढईवर कान लावून उभे राहतात तसे निश्चल उभे राहिले.

"वैनी," ते म्हणाले, "ही सुनंदाची नाय. मी समजत होतो, तिचीच करतोय."

खांडवी चांगली झाली होती, पण ते त्यांना सांगून उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून गुळाचा वास आला. मी गॅस बघितला, बंद होता. वास पलीकडून येत होता. त्या आठवड्यात तो पाच वेळा आला. सहाव्या दिवशी पाष्टे कुंपणाशी ताटली घेऊन उभे होते. अर्धी वडी त्यांनी आधीच खाल्ली होती.

"आलं जास्त घालायची ती," ते म्हणाले. "आज लक्षात आलं."