कॉलेज पाहायला युसुफचाचा

युसुफचाचा मोबाइलमधल्या बाईशी भांडतात. गॅरेजात आलेल्या एखाद्या ट्रकवाल्याच्या फोनमधून ती "दोनशे मीटरवर डावीकडे वळा" म्हणाली, की चाचा हातातला पाना आपटतात. "तिथं नाला हाये, बाई! पायानं पाह्यलं का कधी?"

मग खडूनं फरशीवर स्वतःचा नकाशा काढून देतात. त्यात किलोमीटर नसतात. "बाभळीपासून एक बिडी संपेपर्यंत सरळ," असं अंतर. वणीचे ट्रकवाले त्याचाच फोटो काढून नेतात.

आमचं घर त्यांच्या गॅरेजामागं. बारावीनंतर मी भूगोल घेऊन नकाशे काढायला शिकायचं ठरवलं, तेव्हा बाबा म्हणाले, "कायले? आता फोनच रस्ता सांगते. फार्मसी कर."

चाचा मधे पडले. "फोनले कोनं सांगतलं? मानसानंच ना? कॉलेज मी पाहतो."

"बरं," बाबा म्हणाले. "तुमाले पटलं तर भूगोल. नाही तं फार्मसी."

नागपूरचं पहिलं कॉलेज एकदम चकाचक. चाचांनी ऑफिसात विचारलं, "नकाशे कुठं ठेवता?" कपाटात. किल्ली शिपायाकडे आणि शिपाई लग्नाला गेलेला. चाचांनी कपाटावरची धूळ पाहिली. "कोनाच्या लग्नाले? त्याच्या नातवाच्या?" मग त्याच धुळीत बोटानं गेटपर्यंतचा रस्ता काढला आणि आम्ही बाहेर पडलो.

दुसरं अमरावतीचं, जुनाट. तिथं मैदानात तिपाईवर फळी मांडून पोरी नकाशा काढत होत्या. चाचा तासभर उन्हात उभे. शेवटी राहवलं नाही. "मॅडम, त्या पोरीची विहीर चुकली. ते झाडाच्या अलीकडं हाये."

मी लाजून मेले. मॅडम मात्र टेप घेऊन स्वतः विहिरीपर्यंत चालत गेल्या, मोजून परत आल्या. "बरोबर आहे तुमचं. खोडा गं ती."

चाचांनी मला बाजूला ओढलं. "इथंच नाव टाक बेटा. चूक दिसली तं चालत जाऊन पाहते हे बाई."

त्या संध्याकाळी बाबांनी फॉर्मवर सही केली.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आले, तर चाचा सकाळीच दारात. हात घासून धुतलेले, सदरा इस्त्रीचा. कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं त्यांनी. शब्द जुळवायलाच वेळ लागला.

"बेटा, एक गाव काढून देशीन?"

त्यांचं गाव. ते पोरसवदा असताना कोळशाच्या खाणीत गेलं. आता तिथं खोल खड्डा आहे. बायको गेलेली, मूलबाळ नाही. ते गाव आठवणारं त्यांच्या घरात दुसरं कुणी उरलं नव्हतं.

मी मोठा कागद अंथरला. ते सांगत गेले, मी काढत गेले. मारुती, मशीद, न्हाव्याचं घर, वाकडी चिंच, कबरस्तान. दुपारपर्यंत सगळं गाव झालं. चिंचेशेजारी तेवढी एक जागा कोरी होती.

"चाचा, इथं काय होतं?"

"ते आमचं घर." मी पेन्सिल टेकवणार, तोच त्यांनी माझा हात धरला.

"जरा थांब बेटा. अम्मीनं आत्ताच आंगन सारवलं."

मी पेन्सिल उचलली. आम्ही दोघं थांबलो.