खांब वर चढला पाहिजे!

स्लाइड कशी करावी हे आमच्या ऑफिसात एकट्या मला कळतं. हे मी गर्वाने म्हणत नाही, बाकीच्यांच्या स्लाइड्स पाहून नाइलाजाने म्हणतो. प्रवासाला निघताना शेवटच्या पिशवीत चपला कोंबाव्यात, तसा आमचे लोक स्लाइडवर मजकूर कोंबतात. मग वक्ता पडद्याकडे तोंड करतो, आमच्याकडे पाठ करतो आणि ते सगळं वाचून दाखवतो. जणू आम्ही निरक्षर आहोत आणि खास त्याची पाठ बघायला जमलो आहोत!

माझा सिद्धांत साधा आहे. जे काढून टाकता येतं, ते काढून टाकावं.

आमचा कारखाना कुलपांचा. मी तिथल्या तक्रार विभागाचा प्रमुख. विभाग म्हणजे एक खोली, दोन फोन आणि डेसिबल. डेसिबल हा माझा एकुलता एक सहकारी. तो कुजबुजला तरी खाली पार्किंगमधल्या गाड्या केकाटू लागतात. एके दिवशी वरून फर्मान आलं : प्रत्येक विभागाने संचालकांपुढे सादरीकरण करावं, ज्याची गरज पटणार नाही, तो विभाग बंद!

"साहेब, आपण गेलो!" डेसिबल कुजबुजला. वरच्या मजल्यावरून दोघेजण सांत्वनाला आले.

"घाबरतोस काय? एका स्लाइडमध्ये काम होईल," मी म्हणालो.

आमचा मुद्दा सरळ होता. तक्रारी वर्षभर वाढत चालल्या आहेत, तेव्हा त्या ऐकायला आम्ही हवेत. डेसिबलने त्याचा आलेख करून आणला. रंगाच्या दुकानात मांजर पळालं तर जे दिसेल, ते त्यात दिसत होतं. मी बाह्या सरसावल्या. मागच्या रेघा काढून टाकल्या. चौकट काढली. आकडे काढले. शेवटी 'ग्राहकांच्या तक्रारी' हे शीर्षकसुद्धा काढलं. तक्रार विभाग तक्रारींबद्दलच बोलणार, हवामानाबद्दल थोडाच! उरले फक्त चार खांब, एकापेक्षा एक उंच. त्यांना डोळ्यांना थंड वाटावा म्हणून हिरवा रंग दिला.

घरी बायकोला दाखवलं. ती शाळेत भूगोल शिकवते.

"छान आहे," ती म्हणाली. "पण अहो, हे खांब कशाचे?"

"बघणाऱ्याला कळतं."

"मी बघतेय की! मला नाही कळलं."

"तू संचालक नाहीस."

"नकाशाला सूची नसली तर मी सातवीतल्या मुलांचेसुद्धा गुण कापते," एवढं बोलून ती वह्या तपासायला बसली. काही लोकांना साधेपणा पचत नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात भिंगकाका आले. हे गुणवत्ता विभागाचे प्रमुख. कुलूप बाहेर पडण्याआधी भिंगाखाली घालून त्यातली खोट शोधायची, हे त्यांचं काम. माणूस देवासारखा, पण स्लाइड करायला बसला की राक्षस! त्यांच्या एका स्लाइडवर मी एकदा तळटीपेला तळटीप पाहिली होती.

"माझीपण तुझ्यासारखी करून दे रे बाबा," ते म्हणाले. "यंदा सदोष कुलपं निम्म्याने कमी झालीत. तेवढंच दिसू दे."

मी तेवढंच दिसू दिलं. चार खांब, एकापेक्षा एक बुटके. आमच्यात आणि त्यांच्यात फरक कळावा म्हणून लाल.

सादरीकरणाच्या दिवशी पहिला नंबर माझा. स्लाइड लावली. "हे आमच्या विभागाचं वर्षभराचं काम," एवढंच म्हणालो आणि थांबलो. चांगला वक्ता योग्य जागी थांबतो, असा माझा दुसरा सिद्धांत आहे.

संचालकांच्या मधोमध बसलेले मोठे साहेब खुर्चीतून उठले.

"व्वा! वर, वर आणि वर! विक्रीवाल्यांनो, बघा जरा! तुमचे खांब कधी असे चढलेत का?"

विक्रीप्रमुखांनी मान खाली घातली.

"साहेब, त्याचं असं आहे की हे खांब—" मी सुरुवात केली आणि डेसिबलने माझ्या पायावर पाय दिला. डेसिबलचं वजन त्याच्या आवाजाला शोभेसंच आहे.

"एक शब्द बोलू नका!" मोठे साहेब म्हणाले. "तुम्ही बोलत नाही, हीच तुमची ताकद! विभाग कायम. पुढच्या तिमाहीत पाचवा खांब मला दीडपट हवा!"

टाळ्या पडल्या. मी वाकून नमस्कार केला, थोडा पाय चोळण्यासाठी.

मग भिंगकाका उठले.

"हे काय?" मोठे साहेब दचकले. "घसरण?"

"हो साहेब," काका अभिमानाने म्हणाले. "आणि अजून घसरवणार आहोत! पुढच्या वर्षी अगदी शून्यावर आणू!"

एका संचालकांना ठसका लागला. काकांनी समजावायला तोंड उघडलं, पण मोठे साहेब म्हणाले, "त्या तक्रारवाल्यांकडून शिका. ते गप्प बसतात." दुपारपर्यंत गुणवत्ता विभाग बंद झाला आणि काकांना कँटीनवर देखरेखीला नेमलं. तेव्हापासून चहाचा प्रत्येक कप भिंगाखालून जातो आणि टेबलावर येईपर्यंत त्याचं सरबत होतं.

खरं काय ते सांगायला मी एकदा मोठ्या साहेबांच्या केबिनपर्यंत गेलो होतो. दाराशी डेसिबल उभा होता. "साहेब, विभाग गेला तर आपण दोघंही जाऊ हो," तो खरोखरच हळू म्हणाला. तो हळू बोलला, याचाच मला इतका धक्का बसला की मी परत फिरलो.

आता प्रश्न पाचव्या खांबाचा! तक्रारी दीडपट आणायच्या कुठून? आम्ही गिऱ्हाइकांना फोन लावायला सुरुवात केली.

"नमस्कार! आपल्या कुलपाबद्दल काही तक्रार?"

"नाही हो, उत्तम चालतंय."

"असं कसं? जरा आठवून बघा!" डेसिबल ओरडला. "किल्ली अडकते? गंज? निदान रंग तरी आवडला नसेल!"

"तुमचा आवाज आवडला नाही."

"नोंदवलं!" डेसिबल म्हणाला. "धन्यवाद!"

असं किती दिवस चालणार, या काळजीने माझं वजन उतरलं. पण काळजीचं कारण नव्हतं. भिंगाखालून न गेलेली कुलपं बाजारात पोचली आणि फोन आपोआप खणखणू लागले. एका बाईंचं कुलूप शेजारणीच्या किल्लीने उघडत होतं, आणि शेजारणीचं कुठल्याच किल्लीने नाही. एका गृहस्थांचं कुलूप नुसतं रागावून पाहिलं तरी उघडायचं. पाचवा खांब स्लाइडमधून बाहेर जाऊ लागला, म्हणून मी अक्षरशः पडद्याचा आकार वाढवायची मागणी केली. ती मंजूरही झाली.

परवा संचालकांची बैठक भरली. गुप्त विषय होता, म्हणून दाराला आमचंच नवं कोरं कुलूप आतून लावलं होतं. तासाभराने आमचा फोन वाजला. डेसिबलने उचलला, ऐकलं आणि रिसीव्हरवर हात ठेवला.

"साहेब, मोठे साहेब आहेत. सगळे संचालक आत अडकलेत. कुलूप उघडत नाही म्हणतात."

"मग?"

"ही तक्रार धरायची का?"

मी क्षणभर विचार केला. आत सहा संचालक होते.

"एक नको," मी म्हणालो. "प्रत्येकाची वेगळी नोंदव."