अण्णांनी हुंगलेला सिनेमा

दत्तूअण्णा सिनेमा हुंगायचे. खोटं नाही सांगत. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत ते प्रतवारी करायचे. पान नाकाशी नेलं की कुठल्या शिवारातलं, हे बिनचूक सांगत. आमच्या फिल्म सोसायटीतही तीच तऱ्हा. पडद्यावर काही अगम्य दिसलं की नाक फेंदारून शेजारच्याला कोपर मारायचे, "सरळ बघू नगा, वास घ्या, वास!"

एका परदेशी सिनेमात माणूस छत्री उघडून अंघोळ करत होता. आम्ही हसलो. अण्णा ताडकन उठले. "हसतायसा काय? त्याला बापाचं भ्या हाय. छत्री म्हंजे आई!" त्यावर अर्धा तास. मी सोसायटीचा चिटणीस, शिवाय शाळामास्तर. असा राग यायचा म्हणता! आणि घरी जाताना त्यांचं पटायचंही, हा त्याहून मोठा ताप.

आणीबाणी उठल्यानंतरच्या उन्हाळ्यात त्यांची बायको गेली. आम्ही सगळे तिला आक्का म्हणायचो. तीन महिने अण्णा फिरकले नाहीत. मग एका रविवारी सकाळी आले आणि मागच्या बाकावर गप्प बसले.

सिनेमा भलताच होता. भाषा कुणालाच येत नव्हती. नवरा-बायकोचं घर, आणि स्वयंपाकघरात चक्क घोडा उभा. दुसऱ्या रिळात बायको मेली, तिला पुरलं, आणि पडद्यावर शेवटची पाटी आली. लोक चपला शोधायला लागले. तर तिसरं रीळ सुरू! बाई जिवंत, घोड्याशेजारी बसून बटाटे सोलतेय. सगळ्यांनी माना वळवून अण्णांकडे पाहिलं. नंतर अर्थ विचारला तर म्हणाले, "आज न्हाय," आणि निघून गेले.

रिळं गुंडाळताना मला घाम फुटला. आमच्याआधी सिनेमा दाखवलेल्या गावानं शेवटची दोन रिळं एकमेकांच्या डब्यांत भरली होती, आणि मी न बघता चढवली होती. बाकीच्यांचं सोडा, पण अण्णांना फसवल्यासारखं वाटलं. तडक त्यांच्या घरी गेलो.

"अण्णा, चूक झाली. ती बाई शेवटी मरते. जिवंत असते ते आधीचं रीळ."

"ठावं हाय की," चहा ओतत ते म्हणाले. "पुरताना केस पांढरं, बटाटं सोलताना काळं. एवढं कळंना व्हय मला?"

"मग तिथंच ओरडायचं नाही का हो!" मी चिडलोच. "बरं, निदान त्या घोड्याचा अर्थ तरी सांगायचा."

"घोडा हुता व्हय?" त्यांनी खरोखरच विचारलं. "मी तिच्याकडंच बघत हुतो."

त्यांनी कपबशी माझ्यापुढं सरकवली.

"वरडलो असतो, तर तुमी रिळं सरळ करून परत लावली असती, मास्तर. मला तिला परत एकदा मरताना बघवलं नसतं."

दुपारच्या एसटीनं डबे पुढच्या गावाला पाठवायचे होते. पाठवले. रिळं मी बदलली नाहीत.