आक्काच्या खोलीला फुटलेला घाम

"गोडाऊन कसं बांधतात ते मना कोणी शिकवायचं न्हाय!" वडप्याचे केसरीनाथ छातीवर हात मारून सांगत. तसं ते खोटंही नव्हतं. त्यांच्या भाताच्या शेतावर गोडाऊन उभं राहिलं, तेव्हा ते रोज सकाळी खुर्ची टाकून समोर बसत. पायापासून पत्र्यापर्यंत सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पाहणं वेगळं आणि करणं वेगळं, हे मात्र त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं!

त्या वर्षी त्यांनी आपल्या मोठ्या बहिणीला, आक्काला, पूर्ण्याहून कायमचं घरी आणलं. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. आक्का हॉलमधल्या दिवाणावर झोपायची आणि पाहुणे आले की आपली उशी उचलून उठायची. तिने कधी तक्रार केली नाही. पण ती उशी छातीशी धरून स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिलेली आक्का केसरीनाथांना फार टोचायची.

"गच्चीवर आक्काला खोली बांधायची. पफ पॅनलची!" त्यांनी जाहीर केलं.

पफ पॅनल म्हणजे क्रीमचं बिस्कीट. वर-खाली पत्रा, मधे जाड फोम. औषधांची गोडाऊनं त्याच्यामुळेच भर उन्हात गार राहतात. मुलगा प्रितेश म्हणाला, "पप्पा, बसवायला माणसं बोलवू ना."

"माणसं कशाला? आपण काय बाहुल्या हाव?"

बापलेक कामाला लागले. एका पॅनलच्या कडेची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवायची, एवढंच तर काम! एक पॅनल काही केल्या बसेना, तेव्हा केसरीनाथांनी हातोडा घेऊन त्याला बसवलं. सांध्यात भरायच्या फोमचे डबे आणले होते. "ते दुकानदाराचं पोट भरायला असतात," म्हणत त्यांनी डबे जिन्याखाली टाकले. वरून सांध्यांवर चकचकीत पट्ट्या मारल्या, एसी लावला आणि खोली नव्या नवरीसारखी दिसू लागली.

"कशी हाय खोली, आक्का?"

"थंडगार हाय रे, केसरी," आक्का म्हणाली.

आठवडाभरात छतावरून थेंब पडू लागले. केसरीनाथांनी वर पाहिलं आणि ताबडतोब निकाल दिला. "एसी गळतोय!" एसीवाला आला, त्याने उघडून पाहिलं, एसी ठणठणीत होता. "मग छोटा पडतोय!" म्हणून मोठा एसी आला. आता थेंबांच्या जागी धार लागली! समोरच्या काळूरामच्या घरात बोंबील तळले की वास आधी आक्काच्या खोलीत यायचा. वारा सुटला की भिंत अशी शिट्टी मारायची, की खालून जाणारी पोरं वर बघायची.

"आता कसं वाटतं, आक्का?"

"लई बरं हाय," आक्का म्हणाली.

एका पहाटे केसरीनाथ पाणी प्यायला खाली आले, तर आक्का स्वयंपाकघरात फरशीवर चटई टाकून झोपलेली! सून उन्नती तिच्या शेजारी चहाचं आधण ठेवत होती. केसरीनाथांच्या डोक्यात भलताच दिवा पेटला.

"उन्नती! माझ्या बहिणीला पहाटेपासून कामाला जुंपतेस? म्हणून तिला इथं झोपवतेस?"

"पप्पा, मी कशाला..."

"गप्प बस! सगळं दिसतंय मला!"

उन्नतीच्या डोळ्यांत पाणी आलं. आवाजाने प्रितेश धावत आला. शेवटी आक्का उठून बसली.

"तिला बोलू नको, केसरी. ती मना रोज वर घेऊन जाते, मीच खाली येते. एसी चालू असून वर उकडतं. तोंडावर पाणी पडतं."

"मग बोलली का न्हायस?"

आक्काने चटईची कड सरळ केली. "भावाच्या घरात ऱ्हायचं, त्यानं हौसेनं खोली बांधायची, आणि मी त्यात खोड काढायची? आणि मग तू रागावलास तर मी जायचं कुठं?"

घोटभर पाणी प्यायला आलेले केसरीनाथ पाणी विसरून चटईशेजारी खाली बसले. मी इतक्यांदा विचारलं, पण तिला खरं बोलायची सोय कधी ठेवली? त्यांनी उन्नतीकडे पाहिलं आणि हात जोडले. सासरे असे हात जोडताना पाहून तिचीच धांदल उडाली.

त्या सकाळी सगळे वर गेले. आक्काने सवयीने देवाच्या फोटोपुढे उदबत्ती लावली. धूर सरळ वर जायचा सोडून आडवा झाला, भिंतीच्या पट्टीपाशी गेला आणि गायब!

"अगो बया, देव खातो का काय?" आक्का म्हणाली.

"देव नाही आत्या, फट खाते," उन्नती म्हणाली. तिने उदबत्ती उचलून सांध्यासांध्यावरून फिरवली. धूर हलला की प्रितेश खडूने खूण करायचा. थोड्या वेळात खोली देवी आलेल्या पोरासारखी ठिपक्याठिपक्यांची झाली. पट्ट्या काढल्यावर तर सांध्यांतून सूर्य दिसला! हातोड्याने बसवलेलं पॅनल उलटं होतं, जिभेला जीभ भिडवून. फटींतून बाहेरची दमट हवा आत येत होती आणि गार पत्र्याला लागून तिचं पाणी होत होतं, थंड तांब्याला बाहेरून घाम फुटतो तसं. एसी जितका मोठा, तितका घाम जास्त!

या वेळी केसरीनाथांनी माणसं बोलावली आणि स्वतः तोंड मिटून सामान उचललं. उलटं पॅनल सरळ झालं. छताचे, भिंतींचे, तळाचे सगळे सांधे फोमने भरून आतबाहेरून सीलंटने बंद केले. स्क्रूंखाली रबराच्या चकत्या आल्या. ताज्या हवेसाठी उन्नतीने आठवणीने छोटा पंखा बसवून घेतला. पुन्हा उदबत्ती फिरली. धूर शहाण्या मुलासारखा सरळ वर गेला.

"आता खरं सांग, आक्का. कशी हाय?"

आक्काने आपली उशी उशाला ठेवली. "गार हाय. पण एक बोलू? ही खोली माझी ना? मग येताना दार वाजवून येत जा."

केसरीनाथांना इतका आनंद झाला, की त्यांनी मान खाली घालून डोळे पुसले.

दुसऱ्या दुपारी ते स्वतः चहा घेऊन गच्चीवर गेले. दार वाजवलं. उत्तर नाही. पुन्हा वाजवलं. मग हाक मारली, मग ओरडले. काळूराम बाहेर आला, गल्लीतली कुत्री भुंकू लागली, पण बंद सांध्यांतून आता आवाजही आत शिरत नव्हता. उन्हात उभ्या केसरीनाथांच्या हातातला चहा मात्र थंड झाला.

बऱ्याच वेळाने झोप पुरी करून आक्काने दार उघडलं.

"अरे केसरी, कवाचा उभा हायस? दार वाजवायचं ना!"