पिवळे मास्तर

राधाकृष्णाच्या पत्राला भिमाजी मास्तरांनी सात महिने उत्तर दिलं नव्हतं. श्रीरामपूरच्या या बालमित्राने विचारलं होतं, "वाचताना मधल्या ओळी वाकतात. पुण्याला जाऊन डोळ्यांच्या पडद्याचा फोटो काढा म्हणतात. भीती वाटते. तू एवढा वाचणारा, तू सांग. जाऊ का?" मास्तरांनी चार वेळा उत्तर लिहिलं, चारही वेळा फाडलं. सांगणारे आपण कोण? मग १९७३च्या थंडीत शेवगावच्या वाचनालयातल्या कपाटाची कड त्यांनाच मधोमध वाकलेली दिसू लागली.

"वाचनालयासाठी पुस्तकं आणायला जातो," असं बायकोला, कडूबाईंना, सांगून ते पुण्याला गेले. डॉक्टरांनी दंडात पिवळं औषध टोचलं आणि डोळ्यांचे फोटो काढले. "पडद्याच्या मधोमध बारीक ठिपके आहेत. सुरुवात आहे. लगेच नजर जाणार नाही, पण दाखवत राहा. आणि हो, उद्यापर्यंत अंग पिवळं दिसेल."

संध्याकाळी दारात कडूबाईंनी त्यांच्या तोंडासमोर कंदील धरला. "अगं बया! कावीळ!"

"अगं, ते औषध आहे. डोळे तपासायला गेलो होतो."

"सकाळी पुस्तकं, आता डोळं! काविळीत मानूस असंच बरळतं."

कावीळ उतरवणारा पुंजाराम चुन्याचं पाणी घेऊन आला. त्याच्या मागे निम्मी गल्ली आली. त्याने मास्तरांचे हात चोळले, पाणी पिवळं झालं.

"लई भिनली हुती, मास्तर."

एवढ्या लोकांपुढे त्याला खोटं पाडायचं मास्तरांच्या जिवावर आलं. सकाळी अंग स्वच्छ! दुपारपर्यंत पुंजारामच्या दारात माणसं मावेनात. मास्तरांना मात्र पंधरा दिवस बिनतेलाचं, बिनहळदीचं जेवण नशिबी आलं.

पाचव्या दिवशी पुंजाराम मागच्या दाराने आला. इकडे तिकडे बघत हळूच म्हणाला, "मास्तर, त्या दिशी डोळ्याचं काय म्हनत हुता? मला हातावरल्या रेघा मधीच मोडल्यावानी दिसत्यात."

"तुमचा मंत्र?"

"मंतर दुसऱ्याला चालतो वो. फोटू काढताना दुखतं का? जाऊ का मी?"

"जा," मास्तर म्हणाले. "सुईपुरतं दुखतं. उशीर करू नका."

त्यांनी पत्ता लिहून दिला. पुंजाराम गेल्यावर मास्तरांच्या ध्यानात आलं: सात महिने न सुचलेलं उत्तर तोंडातून केव्हाच निघून गेलं होतं.

त्यांनी कार्ड घेतलं. 'प्रिय राधाकृष्ण, जा. मी जाऊन आलो. मला ते आधी झालं असतं तर तुला आधीच कळवलं असतं, असं म्हणणार होतो, पण ते खरं नाही. मी घाबरलो होतो. तू जा. फक्त घरी खरं सांगून जा, नाहीतर आमटीला मुकशील.'

वाचून पाहिलं. मधल्या दोन ओळी वाकल्या. हात कार्ड फाडायला उठला, तसे ते चपला घालून थेट टपालपेटीपाशी गेले आणि कार्ड आत पडल्याचा आवाज ऐकूनच परत फिरले.