गुंज नामे सर्पिणी काळी जाहली त्याची हकीकत

श्री कुलस्वामी समर्थ. जे सरपटते त्यास जागा द्यावी, जे कात टाकिते त्यास वेळ द्यावा, इतके स्मरून लिहिण्यास आरंभ केला. शके १९४४, शुभकृत् नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी एका राज्यात वर्तमान जाहले ते ऐसे. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण त्यास भूमी नाही आणि शीवही नाही. काचेच्या पेट्या हेच त्याचे किल्ले आणि प्रजा म्हणजे हौसेने साप पाळणारे लोक. आपल्या मुलखाचे नाग, धामण यांस पेटीत घालण्यास कायद्याची मनाई, आणि ती योग्यच. म्हणोन समुद्रापलीकडून आलेला, विष नसलेला, दुधी साप या नावाचा जीव हे लोक पाळीत. दुधी म्हणजे दूध पितो ऐसे नाही. त्याच्या मूळ मुलखी तो उंदरांमागे गोठ्यात शिरे, ते गुराख्यांनी पाहिले आणि गायीस पितो म्हणाले, मग नाव पडले ते पडलेच. आमच्या घरी नागपंचमीस शेजारणी वाटीभर दूध घेऊन येत, तेव्हां आमचे कुटुंब मथुराबाई ती वाटी ठेवून घेत, शेजारणींस बसवीत, त्याच दुधाचा चहा करीत आणि म्हणत, "त्याला उंदीर, आपल्याला चहा. कोणी उपाशी नाही."

आता साप एक आणि रूपे अनेक, हेच या राज्याच्या वैभवाचे आणि भांडणाचे मूळ. उत्तर प्रांतीचा साप राखी अंगाचा, त्यावर विटकरी ठिगळे, जुन्या गोधडीसारखा. पश्चिम किनाऱ्याचा लाल, आणि लालात काळे-पांढरे पट्टे बांगडीसारखे बारीक. दक्षिणेच्या रानातला नारिंगी, आणि प्रत्येक खवल्याच्या टोकास काजळाचे बोट. उंच डोंगराचा, जेथे ढग खाली आणि माणूस वर, तो पिल्लूपणी लाल, काळा, पांढरा असा तीन रंगी, इतकेच दरबारास ठाऊक होते. ज्याने त्याने एक प्रांत धरिला आणि त्याचा अभिमान वाहिला. किनारेवाले दक्षिणवाल्यांस म्हणत, "तुमच्या सापाचा पांढरा पट्टा पाहिला हो. चुना कमी आणि हळद जास्त." दक्षिणवाले म्हणत, "आमचा पिवळा तरी आहे, तुमचा धुण्यात विटला." आणि एका प्रांतीची मादी दुसऱ्या प्रांतीच्या नरास देऊ नये, दिल्यास ओळ बाटली, ऐसा कडक नियम होता. पिल्लाने पहिली कात टाकिली की दरबारचा चितारी येई, लाकडाच्या पाटीवर त्याचा रंग आणि पट्टे उतरवी, खाली प्रांत आणि घरधन्याचे नाव लिही. दरसाल रंगदरबार भरे, तेथे साप पाटीशेजारी ठेवीत आणि ताडून पाहात. जुळला तर जयजयकार. न जुळला तर भेसळ ठरे, आणि परीक्षक ओल्या फडक्याने पाटीवरचे नाव पुसून टाकीत. या भयाने लोकांस एक सवय जडली. पिल्लू जरा मोठे जाहले, रंग जरा हलला, की दुसरा दरबार भरण्याआधी ते राज्याबाहेर कोणास देऊन टाकीत आणि नवे पिल्लू घेत. का दिले ते कोणी सांगत नसे आणि कोणी विचारीत नसे. त्यामुळे दरबारात सदा पिल्लेच दिसत, आणि दरबारास वाटे की साप जन्मभर पिल्लासारखाच दिसतो.

मथुराबाईंपाशी डोंगराची एक मादी होती. लाल अंगावर काळा ठिपका पाहून त्यांनी तिचे नाव गुंज ठेविले, आणि पाटीवर 'डोंगरी, मथुराबाईंचे घर' ऐसे लिहविले. पहिल्या दरबारी गुंज जुळली, मान मिळाला. मग मथुराबाईंस दुखणे लागले आणि पुढचे दरबार चुकत गेले. त्या काळात गुंज हळूहळू काळी होऊ लागली. आधी मानेपाशी काळी धूळ बसल्यासारखे दिसे, मग दर कातेनंतर ती धूळ पुढे सरके, पट्टे बुडाले, आणि शेवटी जीव कोळशासारखा जाहला. आम्ही घाबरलो, म्हणालो, "अहो, ही बिघडली की." बाई खाटेवर बसून गुंजीस हातावर घेत, उन्हाकडे करून पाहात. त्या म्हणाल्या, "खाते आहे ना? कात सरळ टाकते आहे ना? मग वाढते आहे, बिघडत नाही. थंड मुलखाची आहे ती. काळं कांबळं ऊन धरतं, पांढरं धरत नाही, एवढं तुम्हाला कळत नाही होय?" औषधांनी त्यांचे स्वतःचे अंगही त्या काळात काळवंडले होते आणि केस गेले होते. समाचारास आलेली माणसे दारात थांबून आम्हासच विचारीत, "मथुराबाई कुठं आहेत?" आणि त्या समोरच असत. भाद्रपदात त्या गेल्या.

मार्गशीर्षात दरबाराचे बोलावणे आले, की या खेपेस गुंज हजर करावी, नपेक्षा नाव पुसले जाईल. आमच्या घरात त्यांची लुगडी वाटून जाहली होती, चष्मा त्यांच्या बहिणीने नेला, राहिले होते ते पाटीवरचे नाव. ते जाऊ नये इतकेच आमच्या मनी होते. तेव्हां आमचे शेजारी आणि याच राज्याचे रहिवासी भिकोजी कदम आले. गुंजीची आदल्या सालची एक लेक आमच्यापाशी होती, अजून लाल, पट्टे चितारल्यासारखे. तिचा बाप भिकोजीचाच नर, तो भिकोजीने पुढे कोणास देऊन टाकिला होता. भिकोजी म्हणाले, "दादा, लेक न्या. पाटीला डोळे नाहीत. आई काय आणि लेक काय, रक्त तेच."

"लहान दिसते रे ती."

"सांगायचं, घरात दुखणं होतं, खाण्याची आबाळ झाली. कोण विचारतंय? आणि वहिनींचं नाव राहील की नाही? तेवढं बघा."

आम्ही होय म्हणालो नाही आणि नाही म्हणालो नाही. दोन्ही कापडी पिशव्यांत घातल्या आणि निघालो.

दरबार एका मंगल कार्यालयात, लग्नाची तिथी नसलेला दिवस पाहून भरला होता. वर मांडवाची झालर तशीच होती. नवरानवरीच्या खुर्चीवर राज्याचे मुख्य हैबतराव बसले होते, शेजारी परीक्षक त्रिंबकपंत भिंग घेऊन उभे, आणि समोर पाट्यांची रांग. आमचा पुकारा जाहला. आम्ही हात घातला तो लेकीच्या पिशवीत. ती पाटीशेजारी सोडली, आणि सभेत "वा!" ऐसे जाहले. त्रिंबकपंतांनी पट्टा पट्ट्यास ताडला. हैबतराव आमच्याकडे वळून मायेने बोलले, "बाई गेल्या, वाईट झालं. पण साप काय ठेवलाय! पहिल्या दिवशी होता तसाच. तिळभर बदल नाही."

हे शब्द ऐकले आणि दारात थांबून 'मथुराबाई कुठं आहेत' विचारणारी माणसे आठवली. मग आम्ही म्हणालो, "ही गुंज नव्हे. ही तिची लेक. गुंज इकडे आहे," आणि दुसरी पिशवी उघडली. गुंज बाहेर आली आणि पाटीजवळ वळसे घालून बसली, लखलखीत काळी. सभेत कोणी हसले. मागून कोणी म्हणाले, "दादा, बाजूला कोळसा ठेवा, ओळखायला सोपं जाईल." त्रिंबकपंत म्हणाले, "हा कोण?"

"गुंज."

"गुंज लाल आहे. पाटी पाहा."

"होती लाल."

"मग ही तीच, हे कशावरून?"

"पंत, रोज पाहिली म्हणून. काळी एका दिवसात नाही झाली. रोज पाहणाऱ्याला ती कधी दुसरी वाटली नाही."

हैबतराव सभेस पुसते जाहले, "डोंगरी साप असा काळा होताना कोणी पाहिला आहे काय?" इतके लोक होते, आणि सर्वांनी सतरंजीकडे पाहिले. भिकोजीनेही सतरंजीकडेच पाहिले. तेव्हां हैबतराव म्हणाले, "नियम आमच्या आधीचा आहे. जुळत नाही, त्याला इलाज नाही. साप तुमचा तुमच्यापाशी राहू द्या. पाटी पुसा." त्रिंबकपंतांनी फडके ओले केले. चिताऱ्याचा रंग कच्चा होता, नाव दोन हातांत गेले. आम्ही गुंजीस उचलले, लेकीस उचलले आणि घरी आलो.

पुढे चैत्रात, दुपारी, त्रिंबकपंत आमच्या दारी आले. हाती पिशवी होती. आम्ही चहा ठेविला. बराच वेळ ते उन्हाविषयी बोलत राहिले, मग पिशवी उघडली. आत त्यांची स्वतःची डोंगरी मादी, आणि तिच्या मानेपाशी काळी धूळ. पंत म्हणाले, "याआधी दोन अशाच झाल्या. गुपचूप देऊन टाकल्या. वाटलं, आपल्याच घरात भेसळ झाली, कोणाला सांगणार? ही देववत नाही. लळा लागलाय." मग आवाज उतरवून विचारिले, "तुमच्या घरी काय म्हणायच्या यावर?"

आम्ही विचारिले, "खाते का?"

"खाते."

"कात सरळ टाकते?"

"अगदी."

"मग वाढते आहे, बिघडत नाही."

पंतांनी ते एकदा तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिले, चहा संपविला आणि गेले. त्या सालच्या रंगदरबारी एका नव्या पोरीची डोंगरी मादी मानेपाशी काळी दिसली, आणि सवयीने कोणी फडके भिजविले. त्रिंबकपंत पुढे जाहले, भिंग बाजूस ठेविले आणि मोठ्याने म्हणाले, "थांबा. वाढते आहे, बिघडत नाही." वाक्य कोणाचे ते त्यांनी सांगितले नाही, आणि कोणी विचारिले नाही. आम्ही मागल्या रांगेत होतो, आम्ही ऐकिले.

सारांश, गुंज काळी जाहली ती काळीच आहे, आणि लेकीच्या मानेपाशीही आता धूळ दिसू लागली. पाटीवरचे नाव पुसले ते परत लिहिले नाही, आम्ही मागितलेही नाही. बोलणे मात्र दरबारात राहिले, आणि ते कोणाचे ते विसरू नये म्हणोन हे लिहून ठेविले. लेखनसीमा.