खालच्या आळीचा हरवलेला फलक

सर्वेक्षणवाला तरुण आळीत शिरला, तेव्हा भूमिका दारापुढच्या पत्र्यावर उभी होती. कडेवर दीड वर्षाची मनाली. त्याला बघून भूमिकेने पाय आणखी घट्ट रोवले.

शहापूरच्या खालच्या आळीचं नूतनीकरण होऊन चार महिने झाले होते. पेव्हर ब्लॉक बसले, दिवे आले, बाक आला, गटार बंदिस्त झालं. फक्त भूमिकेच्या दारापुढचं गटाराचं झाकण राहून गेलं, आणि नेमकी त्याच आठवड्यात मनाली चालायला लागली. भूमिकेने तीन अर्ज केले. जेवताना ती दर घासाला दाराची कडी बघायची. शेवटी कामाची माहिती लिहिलेला आळीचा लोखंडी चौकटीचा, पत्र्याचा फलक वाऱ्याने पडला, तो तिने गुपचूप ओढत आणला आणि भोकावर पालथा घातला. गच्च बसला. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

"मी इंद्रजीत," तरुण म्हणाला. "आळी सुधारल्यामुळे तुमच्या जगण्यात काय फरक पडला, ते लिहून घ्यायचंय. पण आधी फलकाचा फोटो. कुठंय?"

"हितंच तर होता," शेजारच्या संजीवनीकाकू म्हणाल्या.

"फलक नसेल तर काम झालंच नाही असं लिहावं लागेल. मग पुढच्या टप्प्यातले घरोघरीचे नळ अडकतील."

आळी हादरली.

"महादूच्या खुराड्याला नवा पत्रा लागलाय," काकू सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू कुजबुजल्या.

"माजा पत्रा इकत आणलाय!" महादू ओरडला. "या, बघा!" त्याने रागाने खुराडंच उघडलं. सात कोंबड्या पेव्हर ब्लॉकवर धावत सुटल्या. इंद्रजीतने लिहिलं: मोकळी जागा वापरात.

"कोंबी! कोंबी!" मनाली कडेवरून खाली झेपावू लागली. भूमिकेने तिला दोन्ही हातांनी आवळून धरलं.

"गो, पावण्याला पाणी तरी दे," सासूबाई, सकुबाई, दारातून म्हणाल्या. "खांबासारखी हुबी काय ऱ्हायलीस?"

"आई, पाय आखडलाय."

सकुबाई तेलाची वाटी घेऊन आल्या, सुनेच्या पायाशी वाकल्या आणि खालची फलकाची चौकट बघून थबकल्या. मग त्याही पत्र्यावर ऐसपैस बसल्या. "माजा बी आखडला."

तिकडे महादू डोळे पुसत खुराड्याचा पत्रा उचकटू लागला होता. "बघा उलटासुलटा! चोर नाय मी!"

भूमिकेला ते बघवेना. "महादूकाका, थांबा. फलक आमच्या पायाखाली आहे."

दोघी बाजूला झाल्या. फलक उचलला तसा वास वर आला. काठाशी आळी गोळा झाली. इंद्रजीतने भोकात पाहिलं, मनालीकडे पाहिलं, मग हातातला सर्वेक्षणाचा तक्ता पुढून मागून चाळला. भोकासाठी रकाना नव्हता.

त्याने फलक भिंतीला टेकवून फोटो काढला. मग स्वतःच तो परत भोकावर घातला, पायाने दाबून बघितला आणि लिहिलं: फलक सुस्थितीत. रहिवाशांच्या रोजच्या वापरात.

"झाकणाचं?" भूमिकेने विचारलं.

"वर सांगतो."

पंधरा दिवसांनी टेम्पो आला. भूमिका मनालीला घेऊन धावली. झाकण नव्हतंच. फोटोतला फलक चिखलाने माखलेला दिसला, म्हणून वरून नवा कोरा फलक पाठवला होता. जाड पत्र्याचा.

भूमिकेने वितीने मोजला. "आई, हा भोकापेक्षा चांगला दोन वितींनी मोठा आहे."

"ऱ्हाऊ दे गो," सकुबाई म्हणाल्या. "पोर बी वाढंल."